आखणीच्या दिवसांतला पेला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवापुढे हात जोडून उभी असतानाही नाही. आणि आमच्याकडे देवांना काय तोटा? पेणला रामवाडीत आमचा गणपतीचा कारखाना आहे. वर्षभर शेकडो मूर्ती माझ्याकडे बघत असतात. म्हणजे डोळे काढून झाले की बघतात. त्या डोळ्यांचीच ही गोष्ट आहे.

डोळे माझा धाकटा भाऊ विनू काढतो. त्याला आम्ही आखणी म्हणतो. बाकीचे रंग कुणीही भरेल, पण आखणीला हात लागतो. रेघ हलली की देव तिरळा. आई गेली तेव्हा विनू पाच वर्षांचा, मी चौदाची. माझी ओढणी मुठीत धरल्याशिवाय तो झोपत नसे. मी तोंडाने फटकळ आहे, कारखान्यातली माणसं मला वचकून असतात. विनू मात्र कधी घाबरला नाही.

तो प्यायला कधी लागला, मला कळलंच नाही. की कळलं होतं, आणि मी ऑर्डरींच्या मागे होते?

शेवटी त्याला रोह्याला नेलं, पुलापलीकडे अष्टमी गावात एक व्यसनमुक्ती केंद्र आहे तिथे. तिथल्या नाझनीन मॅडम माझ्यापेक्षा लहान. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, याला चांगला दम द्या. त्या हसल्या. दम आजवर खूप जणांनी दिला असेल, म्हणाल्या. मग दर बुधवारी आम्ही दोघं एसटीने जायचो. मॅडम दारूबद्दल फारसं विचारतच नसत. भीती वाटली की कुणाकडे जातोस, हे विचारायच्या. एका बुधवारी विनू म्हणाला, "आक्काकडे जायचो. आता आक्काला येळ नाय."

मला तिथेच रडू फुटलं. मॅडम म्हणाल्या, ज्याच्याजवळ जीव निवतो असं माणूस दुरावलं की त्याच्या जागी बाटली येऊन बसते. तुम्ही नुसत्या त्याच्याजवळ बसत जा. मी बसू लागले. रोज संध्याकाळी, अर्धा तास, हातातलं काम टाकून. बोलायचो असंही नाही, शेंगा सोलून खायचो. दोन महिने त्याने थेंब घेतला नाही.

मग श्रावण आला. मूर्ती रंगून तयार, टेम्पो सांगून ठेवलेले, आणि विनूची रेघ हलत होती. खरं तर थोडीशीच. चार दिवस थांबले असते, दुसऱ्या कारखान्यातला आखणीवाला बोलावला असता, तर काय बिघडलं असतं? आमच्या गणपतीचे डोळे परक्याने काढले, असं पेणभर झालं असतं. एवढंच.

त्या दुपारी त्याने ब्रश खाली ठेवला. "आक्का, नाय जमत गो."

मी — थांबा, सांगते. मी उठले आणि रंगांच्या कपाटातून क्वार्टर काढली. ती मी सकाळीच मागवून ठेवली होती, त्यामुळे भान सुटलं वगैरे म्हणायची मला सोय नाही. स्टीलच्या पेल्यात ओतली, पाणी घातलं, त्याच्यापुढे धरली. "घे, आजच्यापुरती. मी देतेय ना?"

ते शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. दुसऱ्या कुणी पेला पुढे केला असता तर विनू उठून गेला असता. माझ्या हातचं तो नाकारणार नाही, हे मला ठाऊक होतं. मॅडमनीच तर समजावलं होतं, त्याचा जीव कुठे अडकलाय ते! ते ऐकून मी रडले होते, आणि तेच मी वापरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी कडू औषध द्यायचे तेव्हा बघायचा तसा. आणि प्यायला.

डोळे सुंदर उतरले. सगळ्यांनी वाखाणले. विनू मात्र विसर्जन झालं तरी थांबला नाही. दिवाळीच्या तोंडावर कोलाडच्या एका धाब्यामागे सापडला, तेव्हा त्याच्या बायकोलाही त्याने ओळखलं नाही.

पुन्हा अष्टमीचं केंद्र. मॅडमनी शांतपणे विचारलं, पहिला पेला कुठे घेतलास? विनूने माझ्याकडे पाहिलं. बोलायचं मी होतं. मी काय बोलले? "मी किती सांगत होते मॅडम, पण हा ऐकेल तर ना!"

विनूने मान खाली घातली. "माझीच चूक हाय. मोह झाला."

या गोष्टीला चार वर्षं झाली. तो आता पीत नाही. मॅडमनी आणि त्याच्या बायकोने त्याला उभा केला. त्या पेल्याबद्दल आम्ही दोघं एकदाही बोललेलो नाही. केंद्रात नवी माणसं आली की विनूला बोलायला बोलावतात, आणि घरचं माणूस म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसते. गेल्या बुधवारीही त्याने सांगितलं, मी एकदा घसरलो, मोह झाला, मीच जाऊन आणली. कुठल्या दुकानातून आणली तेही तो आता सांगतो. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "पण ही माझी आक्का. ही जवळ बसायची, म्हणून वाचलो मी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.