बाबांचा खालचा दात

माझ्या होस्टेलच्या टेबलावर औषधाच्या एका छोट्या बाटलीत बाबांचा दात आहे. बाबा झाशीत अगदी ठणठणीत आहेत हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा लगेच चेहरा पाडतो. डेंटल कॉलेजच्या पहिल्या वर्षी खरे, तोंडातून निघालेले दात जमवायला सांगतात. माझ्या वर्गातली मुलं त्यासाठी शहरातल्या दवाखान्यांचे उंबरे झिजवत होती, आणि मी एक घरूनच घेऊन आले होते. वर्गात मी सगळ्यात मोठी, मुलं मला दीदी म्हणतात. दात कोणाचा हे कळल्यापासून जरा दबकूनही असतात.

बाबा रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. आमच्याशी मराठी बोलतात, पण रागावले की हिंदीवर जातात, बहुधा शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून. त्यांचा दोन गोष्टींवर गाढ विश्वास होता. एक म्हणजे जेवणानंतरची सुपारी. दुसरी म्हणजे, सफाई केली की दात ढिले होतात. या मताला शेजारच्या चाचाजींचा भक्कम पाठिंबा होता. चाचाजी इंजिन चालवायचे. दोघांनी निम्मी नोकरी एकाच गाडीच्या दोन टोकांना काढली, आणि आता आमच्या गच्च्या एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे कठड्यावरून रोज सकाळी त्यांचं एकमत व्हायचं. आणि या घरातली मुलगी चार वर्षं सदर बाजारातल्या एका दवाखान्यात दात साफ करायचं काम करत होती.

मी तिथे कशी पोहोचले ते सांगायला हवं. बारावीनंतर दोनदा प्रवेश परीक्षा दिली आणि दोनदा आपटले. दुसऱ्या निकालानंतर तीन दिवस खोलीतून बाहेर आले नाही. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते, आणि आई म्हणते, तिन्ही दिवस पेपर एकच होता. मग मी डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला आणि नोकरी धरली. कोणी विचारलं तर बाबा सांगायचे, "दातांच्या दवाखान्यात असते," जणू मी तिथलं कपाट होते.

पण मला ते काम मनापासून आवडायचं. दातांवर वर्षानुवर्षं साठलेलं पिवळं-काळं कीटण मशीनच्या टोकाखाली टचकन सुटायचं आणि खालून माणसाचा स्वतःचा दात वर यायचा. काही लोक आरशात बघून हिरमुसायचे, की हे इतके छोटे कसे झाले. चार वर्षांत मला आणखी एक विद्या आली. तोंड उघडं, त्यात आरसा, लाळ ओढणारी नळी आणि पाणी, अशा अवस्थेत माणूस जे "आँ ऊँ आ" करतो ते मला सगळं कळायचं. डॉक्टरसाहेबांना नाही कळायचं. ते म्हणायचे, "पूछो तो, क्या कह रहे हैं," आणि मी सांगायचे, "सर, यांची ऑटो बाहेर उभी आहे."

चूकही तिथेच झाली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. बरुआसागरहून एक म्हातारी आली होती. खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाची सलग भिंतच होती. मी ती हौसेने उडवली, दात लख्ख केले आणि तिला पाठवून दिलं. चौथ्या दिवशी ती सकाळच्या बसने परत आली. पदराची गाठ सोडून तिने एक दात माझ्यासमोर ठेवला.

"लो बिन्नू, जो रओ तुमाओ दाँत. हमाओ तो अच्छो-भलो हतो." हा घे तुझा दात म्हणे, तिचा तर चांगला धडधाकट होता.

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे काढला. मी फिल्म बघितली आणि मला एका नजरेत कळलं. दाताखालचं हाड कधीच झिजून गेलं होतं, दात नुसता कीटणाच्या आधाराने उभा होता. म्हातारी मलाच विचारत होती की दात का पडला, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण निदान सांगायचा अधिकार हायजिनिस्टला नाही. मी म्हणाले, "डॉक्टर साहब बताएँगे." दिवसातून वीसदा म्हणायचे मी हे वाक्य, त्या दिवशी पहिल्यांदा त्याची लाज वाटली. ती गेल्यावर डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "दात हलता दिसला की मला हाक मारायची, आणि मशीन लावायच्या आधी पेशंटला सांगायचं. नंतर सांगितलं की ती सबब होते."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात तेच. मला नुसते दात घासायचे नव्हते, फिल्म बघून बोलायचं होतं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात मी बारावीची जुनी पुस्तकं काढून बसायला लागले. दोन वर्षांनी, जानेवारीत, बाबांना सांगितलं की यंदा फॉर्म भरणार, डेंटलसाठी.

बाबा हिंदीवर गेले. "नौकरी है, इज़्ज़त है, अब फिर से क्यों?" मग थोड्या वेळाने मराठीत म्हणाले, "दोनदा बघितलं मी. तिसऱ्यांदा नाही बघवणार मला."

परवानगी लागावी असं माझं वय नव्हतं, फीपुरते पैसेही साठवले होते. पण ज्या माणसाने माझ्या दाराबाहेर तीन दिवस शिळा पेपर वाचला, त्याला माझा भरवसा वाटत नसताना फॉर्म भरायला माझा हात उचलेना. फॉर्म सुरू झाले, फेब्रुवारी उजाडला, तरी मी रोज ती साइट उघडायचे आणि बंद करायचे.

अशात बाबांची हिरडी सुजली. दोन दिवस सुपारी बंद झाली तेव्हा आईने त्यांना ऑटोत बसवून दवाखान्यात पाठवलं. खुर्चीवर टेकताच त्यांनी अट घातली, "फक्त बघ. हात लावायचा नाही." बघायला हात लावावा लागतो, हे त्यांना समजावण्यातच पाच मिनिटं गेली.

आरसा आत घातला आणि दिवा जवळ ओढला. खालचा, डावीकडचा, मधला दात. मागे तीच भिंत. आरशाच्या दांड्याने जरा टेकलं तर दात हलला. मी डॉक्टरसाहेबांना बोलावलं, त्यांनी तपासलं, एक्स-रे झाला, फिल्मवर तेच चित्र. ते म्हणाले, "सफाई करावीच लागेल. दात राहील याची खात्री नाही. आपके पापा हैं, आप ही बताइए."

खरं सांगते, एक क्षण मी लबाडीचा विचार केला. तेवढ्या एका दाताचं कीटण तसंच सोडलं तर तो अजून काही महिने उभा राहिला असता, तोवर माझा फॉर्म भरून झाला असता. साफ केला आणि पडला, तर बाबांची जन्मभराची समजूत माझ्याच हातून खरी ठरणार होती, तीही नेमकी याच महिन्यात. मग कुठल्या तोंडाने म्हणणार होते की मला डॉक्टर व्हायचंय?

मी मशीन ठेवून दिलं आणि फिल्म त्यांच्यासमोर धरली. "बाबा, हा दात आत्ताच हलतोय. खालचं हाड गेलंय, कीटणाने धरून ठेवलाय. मी साफ केला की जास्त हलेल, कदाचित पडेलही. पण नाही केला तर शेजारचे दोन्ही त्याच वाटेने जातील."

बाबांनी फिल्म बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "म्हणजे कॉशन ऑर्डर."

गाडी सुटण्याआधी ड्रायव्हर आणि गार्डला एक कागद मिळतो, पुढे कुठे रूळ कमकुवत आहे, कुठे हळू जायचं, ते लिहिलेला. आमच्या घरात लहानपणी आई चिडलेली असली की बाबा आम्हाला दारातच कॉशन ऑर्डर द्यायचे. मी हो म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मधेच "आँ ऊँ" झालं. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "काही नाही सर, हळू चालव म्हणतायत."

नऊ दिवसांनी, रविवारी दुपारी, आम्ही गच्चीवर उन्हात बसलो होतो. बाबांनी हलक्या हाताने पेरूची फोड चावली आणि थांबले. तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. कठड्यापलीकडे चाचाजी उठून उभे राहिले, त्यांना तर पर्वणीच होती.

"देखा भाईसाहब? कहा था न? सफाई कराई और दाँत गया."

मी खाली बघत बसले. आता बाबा मान डोलावणार, आणि संपलं.

बाबांनी दात रुमालाने पुसला. "कॉशन ऑर्डर मिली थी हमें," ते चाचाजींना म्हणाले, "चलने से पहले. बिटिया ने खुद दी थी." गाडीवर शेवटचा शब्द गार्डचा असतो, चाचाजी त्याच्याशी काय वाद घालणार, ते खाली बसले.

मग बाबांनी तो दात माझ्या हातात दिला आणि मराठीत विचारलं, "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"