आत्यानं आईला सांगितलं होतं

आज दुपारी नातीला घेऊन कोपरगावला आत्याकडे गेले होते. आत्या नव्वदीला टेकलीय. आम्ही गप्पा मारत बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे एक आजोबा आले आणि नातीला म्हणाले, "ये, मांडीवर बस." पोर मागे सरली. मी सवयीनं म्हटलं, "जा गं, आजोबाच आहेत."

आत्या एकदम कडाडली, "तिला न्हाई जायचं ना? मग न्हाई!"

ते गेल्यावर आत्या बोलायला लागली. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, तेव्हाची गोष्ट. तिच्या वडिलांचे एक स्नेही रोज घरी यायचे. भजनात पुढे, अडीनडीला धावून येणारे. आधी त्यांनी आईवडिलांना जिंकलं. मग आत्याला पेरू, खडीसाखर द्यायला लागले. मग म्हणाले, "हे आपल्या दोघांचंच गुपित." आणि एक दिवस मळ्यात नेऊन त्यांनी तिच्याशी नको ते केलं.

आत्यानं घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आईनं तिच्या तोंडावर हात दाबला. "गप! देवमानूस हाय त्यो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? माझं लगीन हुईस्तोवर येतच राहिला. मला वाटलं हुतं, आईला सांगितलं की थांबंल."

आईला सांगितल्यानंतर आज पहिल्यांदा ती हे कुणाजवळ बोलली. मी तिचा हात हातात घेतला.

तुमच्या लेकरानं घरातल्या लाडक्या माणसाबद्दल असं काही सांगितलं, तर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल? खरं सांगा.