सुरगाण्याच्या पाड्यावर मी मुकादम झालो

भंडाऱ्याहून नाशिकला उतरलो. नववीत शाळा सोडलेल्या मला ताईंनी काम दिलं, याचे उपकार वाटत होते. आपण ते बिघडवू, ही धास्तीही होती. ताई संशोधक. कोण कामाला कुठं जातं, मजुरी काय मिळते, कोणाच्या ओळखीनं जातं, हे घरोघर विचारायचं होतं. विचारणारा मी. पहिला पाडा (लहान वस्ती) नीट झाला तरच पुढचं काम, असं ठरलं होतं.

नाशिकच्या द्वारका चौकातून बस, पुढे जीप. सुरगाण्याचा चढ लागला तशी भाताची कापलेली खाचरं दिसू लागली. पाड्यावर येसूबाईंच्या ओसरीत मुक्काम केला. नागलीची (नाचणी) भाकर, खुरसणीची (कारळं) चटणी. भूक होती, उत्तम लागलं.

मी घरोघर गेलो. "कामाला हात किती? बाहेर जायची तयारी किती जणांची?" लोक उत्साहानं सांगत होते. निघताना आभार म्हणून प्रत्येक घरी चहापुडी दिली. ताईंनीच तसं सांगितलं होतं.

सकाळी ओसरीपुढे बोचकी घेऊन माणसं उभी.

"दादा, गाडी कवा येल?" येसूबाईंनी विचारलं.

"कसली गाडी?"

"घ्या! मुकादमालाच ठावं नाय," एक पोरगी हसली.

तेव्हा उलगडलं. इथं मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) चहापुडी देऊन बोली पक्की करतो. ती घेतली की दुसऱ्याकडे जायचं नाही. आदल्या संध्याकाळी नेहमीचा मुकादम आला होता, त्याला यांनी माझ्यापायी परत पाठवलं. त्यानं शेजारच्या पाड्यावरची माणसं भरून नेली. द्राक्षांच्या विरळणीचे (घडातले जादा मणी काढायचे) दिवस. आता काम हुकलं तर हंगाम घरात बसून जाणार.

"मी मुकादम नाही हो. नुसता विचारणारा."

"काम द्यायचं नाय, तं इचारलं कशापायी?" घोळक्यातले सोमाकाका म्हणाले.

 मी रस्त्यावर जीप थांबवली आणि सगळ्यांबरोबर वणीकडच्या द्राक्षबागांत काम शोधायला निघालो. पहिल्या बागांमधून नकारच आला. पुढे एक बागाईतदार बांधावर भेटला.

"टोळी कोणाची?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"माझी," मी म्हणालो.

"गाव?"

"भंडारा."

"आयला, लय लांबून आलास! हे मधीच पळाले तर तुला धरीन."

"धरा."

दुपारी माणसं कामाला लागली. येसूबाई म्हणाल्या, "पुढल्या साली लवकर ये रे मुकादमा, उगा घाम फोडू नको."

नाशिकला येऊन ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी त्या पाड्याचे कागद बाजूला काढून ठेवले.

"ही घरं अभ्यासात धरता येणार नाहीत. त्यांना कामाला आपणच नेलं."

"आणि मी?"

"तुम्ही उद्या पेठला जा, पुढच्या पाड्यावर."

काम पुरं करून गावी परतलो. लोक विचारतात, तिकडं काय करत होतास? मी सांगतो, माणसांना कामाला कोण नेतं ते विचारत होतो. एका पाड्यानं त्या वर्षी माझं नाव सांगितलं असतं. पण त्यांना परत विचारायला कोणी गेलं नाही.