न दिसणाऱ्याचं वजन

डोंबिवलीच्या आमच्या खगोल मंडळातले दोन जुने मेंबर भेटले, की चहा येईपर्यंत लेले सरांचे तीन किस्से होऊन जातात. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नव्वदीच्या दशकात दर रविवारी दुपारी एका शाळेत आमची बैठक भरायची.

*

शाळेच्या वॉचमनने एकदा विचारलं, "सर, तुम्ही करता काय इथे?"

"न दिसणाऱ्या वस्तूंचं वजन!"

"दिसत नाय तर काट्यावर ठेवता कशी?"

सर खूश! अर्धा तास जिन्यावर बसून त्याला सांगत होते. काळोखी वस्तू ताऱ्यासमोरून गेली, की तिच्या गुरुत्वाकर्षणाने ताऱ्याचा प्रकाश वाकतो आणि तारा काही दिवस जास्त उजळ दिसतो. त्या दिवसांवरून वजनाचा अंदाज! आम्ही वर्गात ताटकळत बसलेलो.

*

उजळण्याचा ग्राफ ट्रेसिंग पेपरवर उतरवून मधोमध घडी घालायची, ही सरांची पद्धत. दोन्ही बाजू जुळल्या तर काळोखी वस्तू खरंच समोरून गेली. एकदा एका बाजूला एक ठिपका जास्तीचा निघाला. तासभर वाद! शेवटी कळलं, झेरॉक्सवर पोह्यांचं तेल सांडलेलं.

सर म्हणाले, "निरीक्षण अचूक आहे. फक्त तारा आपल्या डब्यातला आहे!"

*

मंडळातली मंदा भोईर जवळच्या कोपर गावची, बी.एस्सी.ला होती. तिचे वडील खाडीत मासेमारी करायचे. सरांनी त्यांनाही हे सगळं समजावलं. ते म्हणाले, "जालं जड लागलं म्हंजे म्हावरं जास्त असं नाय, सर. पान्याचा जोर बी असतो."

सरांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. असा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

मग ठाण्यातलं व्याख्यान. सहा महिने खपून सरांनी एका काळोख्या वस्तूचं वस्तुमान काढलेलं. आकडा निमंत्रणपत्रिकेवर छापलेला, अध्यक्ष एका बड्या संस्थेतले प्रोफेसर. सरांच्या आयुष्यातला हा पहिलाच असा मान!

त्याच सकाळी मंदा धावत आली. "सर, वस्तू आपल्या आणि ताऱ्याच्या बरोबर मध्यावर आहे हे आपण नुसतं धरलंय! तिचं खरं अंतर आणि वेग कळल्याशिवाय वस्तुमान निघतच नाही."

सरांनी वही तपासली. मंदाचं बरोबर होतं.

संध्याकाळी हॉल भरलेला. सरांनी फळ्यावर आकडा लिहिला आणि त्यावर काट मारली.

"हा आकडा सहा महिने माझा होता. आज सकाळी या मुलीने तो खोडला. का, ते तीच सांगेल."

मंदाच्या हातात खडू देऊन सर खाली उतरले, पहिल्या रांगेत बसले आणि वही उघडून म्हणाले, "हं मॅडम, जरा सावकाश. मी लिहून घेतोय!"