उपवासकाळात सोडलेला ब्राउझर

आईच्या चपला सायबर कॅफेच्या दाराशी दिसल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी त्या आमच्या ओट्यावरून चोरल्या असाव्यात आणि चोर आत बसून ईमेल बघत असावा. ओळखीत चूक नव्हती. डाव्या चपलेचा अंगठा मीच तारेनं बांधून दिला होता. पण आई आत असेल ही शक्यता मला चोरापेक्षा अवघड वाटली. आई सत्तरीच्या पुढची. अजून लाल लुगडं नेसणारी, वाडीतल्या केळी आणि चर्चमधली तिसऱ्या ओळीतली जागा सोडून कुठे न जाणारी. ती सायबर कॅफेत? मी सरळ हसलो आणि दार ढकललं.

ते हसू कुठे अडकलं ते सांगतो, पण आधी राखेच्या बुधवारापासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, सुरुवात करायला हवी.

वसईच्या पश्चिमेला आमचं जुनं ख्रिस्ती गाव. आमच्या घरी त्या बुधवारी संध्याकाळी रोजरीची प्रार्थना म्हणून झाली की, कपाळावरची राख पुसली जायच्या आत, ईस्टरपर्यंत आपण काय सोडणार ते प्रत्येकानं सांगायचं असतं. आई चहा सोडते. बायको टीव्हीवरच्या मालिका सोडते आणि काय घडलं ते शेजारणीकडून ऐकून घेते. मुलगी चॉकलेट सोडते. मी दर वर्षी बिअर सोडायचो आणि ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आसपास माझ्या अंगात अशक्तपणा यायचा.

त्या वर्षी मी चक्क उभा राहिलो आणि म्हणालो, “यंदा मी ब्राउझर सोडतोय.”

मुलगी म्हणाली, “पप्पा, बिअरच सोडा ना, ते आम्हाला समजतं.”

झालं होतं असं, की ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला एक सीडी दिली होती आणि तिच्यासोबत तासभर व्याख्यान. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती, घरोघरी इंटरनेट येत होतं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये आयता आलेला, निळ्या ‘ई’च्या चित्राचा जो ब्राउझर होता, तो एका कंपनीच्या मालकीचा. आत काय चाललंय ते आपल्याला बघायची सोय नाही. सीडीतला दुसरा, नारिंगी कोल्ह्याच्या चित्राचा, जगभरच्या लोकांनी मिळून घडवलेला. कुणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा, शेजाऱ्याला द्यावा. मला ते इतकं पटलं की रात्री मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. नव्या भक्ताचा आवाज जरा चढाच असतो. माझा माळ्यापर्यंत पोचला होता.

आईला समजावं म्हणून मी बावखलाचा दाखला दिला. बावखल म्हणजे आमच्याकडे चार-पाच वाड्यांचं मिळून असलेलं तळं. गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, पाणी सगळ्यांनी वापरायचं. “तसाच हा कोल्हा, आई. कुणा एकाचा नाही.”

“बरं,” आई म्हणाली.

“म्हणून आजपासून या घरातून निळा ई हद्दपार.”

यावर आई काही बोलली नाही. ती गप्प बसली याचा अर्थ मी तिला पटलं असा घेतला. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला आपल्या आईचं गप्प बसणं वाचता येऊ नये, याचंच खरं तर नवल.

अडचण एकच होती. माझा थोरला भाऊ आखातात. त्याच्या घरी पाच-सहा महिन्यांपूर्वी मुलगी झाली होती, आणि सुट्टी पुढच्या वर्षाशिवाय नव्हती. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आलो की आम्ही कॉम्प्युटरवर त्याला बघायचो. त्याच्या कंपनीच्या वसाहतीत एकमेकांना बघत बोलायची बाकीची साधनं बंद होती. एकच साईट चालायची आणि तिचा कॅमेरा फक्त निळ्या ईमध्ये उघडायचा. कोल्ह्यात उघडली की नुसती पांढरी चौकट.

मी भावाला फोनवर म्हटलं, “ईस्टरपर्यंतचा तर प्रश्न आहे. आवाज ऐकूच की.”

“अरे, पोरगी अजून आवाज ओळखत नाही,” तो म्हणाला. “तोंड ओळखते.”

“तत्त्वासाठी थोडी कळ सोसायला हवी,” मी म्हणालो. तो आखातात पाइप जोडत होता आणि मी पंख्याखाली बसून तत्त्वासाठी कळ सोसत होतो.

मग मी निळ्या ईचं चित्र पडद्यावरून पुसलं, कुणी शोधून काढू नये म्हणून कुलूपही घातलं, आणि गावात वाटायला एक पत्रक लिहिलं: ‘आपली निवड, आपलं स्वातंत्र्य’. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी घरचा प्रिंटर रुसला, म्हणून ते छापून घ्यायला मी नाक्यावरच्या कॅफेत गेलो.

तर, दार ढकललं.

आत लाकडी फळ्यांचे कप्पे. शेवटच्या कप्प्यात लाल लुगड्याचा पदर. डोक्यावर हेडफोन, तोही अंबाड्याच्या वर सरळ बसवलेला, सवयीच्या माणसासारखा. आई पडद्याला जवळजवळ नाक लावून म्हणत होती, “काऊ कुठाय? काऊ कुठाय गं बाय?” आणि पडद्यावर माझ्या भावाची मुलगी दोन्ही हात उडवत हसत होती.

माझ्या हातातला पेन ड्राइव्ह खाली पडला. कॅफे चालवणारी बाई नालासोपाऱ्याहून रोज येणारी, चटपटीत. ती म्हणाली, “सर, आजींचं होईपर्यंत जरा थांबा हां. त्यांची वेळ ठरलेली आहे.”

“कधीपासून?”

“दर संडेला येतात ना. चर्च सुटलं की.”

दर रविवारी! आणि मला घरी सांगितलं जायचं, आई शेजारच्या म्हातारीला भेटायला गेलीय. मी कप्प्याशी गेलो. आई दचकली नाही. पडद्यावरचा भाऊ दचकला, मग खूश होऊन ओरडला, “अरे, तू पण? झाला का तुझा कॉम्प्युटर दुरुस्त?”

मी आईकडे बघितलं. आई पडद्याकडे बघत राहिली.

“बिघडला होता ना?” भाऊ म्हणाला. “आई म्हणाली, तत्त्व तू कधीच सोडलंस, पण मग कॉम्प्युटरच बिघडला. बिचारा रोज खोलून बसतोस.”

पुतणीला बघायला मी वाकलो. माझा चेहरा चौकटीत आला आणि तिनं भोकाड पसरलं. आईनं कोपरानं मला बाजूला सारलं, पुन्हा ‘काऊ कुठाय’ सुरू केलं, आणि रडणं थांबलं. मी फळीला टेकून उभा. सत्तरीची बाई मला न विचारता सायबर कॅफेत येते, कॅमेरा लावते, माझ्यासाठी खोटं बोलते, आणि माझ्या पुतणीला मी कोण ते ठाऊकसुद्धा नाही. यातल्या कशाचा धक्का आधी घ्यावा तेच कळेना.

घरी येताना वाटेत मी तोंड उघडलं. आई घरी आमच्या बोलीत बोलते. ते जसंच्या तसं लिहिलं तर तुम्हाला अर्धंच समजेल, म्हणून साध्या मराठीत देतो. तिखट कमी लागलं तर वरून घालून घ्या.

“उपवासकाळात खोटं बोललीस, आई?”

“बोलले. पापनिवेदनात सांगूनही आले.”

“फादरांना? ब्राउझरचं?” मी रस्त्यात थांबलो. “काय म्हणाले?”

“म्हणाले, बाळाला दात आले का.”

“पण माझं व्रत—”

“तुझं व्रत मी कुठे मोडलं? घरात हात नाही लावला. तू सोडलंस ते तू सोड. मी चहा सोडलाय, तुझ्या हातातला कप कधी काढून घेतला का?”

मी पुन्हा बावखल काढलं. म्हटलं, आपण सगळ्यांनी मिळून त्याचंच पाणी प्यायला हवं, नाहीतर—

“बावखलावर कुणी मानगूट धरून पाणी पाजत नाही,” आई म्हणाली. “आणि आणखी एक. उपवासकाळात रविवार मोजत नाहीत. रविवारी उपास नसतो. एवढा शिकलास, हे ठाऊक नाही?”

ठाऊक होतं. लहानपणी रविवारी मटण त्याच हिशोबानं चापलं होतं. मी मात्र रविवारालाही कुलूप घातलं होतं.

घरी पोचलो आणि बायकोला सगळं सांगितलं. तिला काडीचाही धक्का बसला नाही. आईला पहिल्यांदा कॅफेत सोडून आली होती तीच.

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“सांगणार कसं? तुम्ही ऐकायचं सोडलं होतं ना,” ती म्हणाली. “बुधवारी तेवढं जाहीर करायचं राहिलं.”

त्याच दुपारी मी कुलूप काढलं. निळा ई मुकाट परत आला. तो गेलेलाच नव्हता, नुसता पडद्याआड होता, हा आणखी एक धक्का. मी त्याला कोल्ह्याच्या शेजारी ठेवलं. माझं स्वतःचं काम मी कोल्ह्यातच करत राहिलो, आजही करतो, आणि त्याबद्दल माझं मत तसूभर बदललेलं नाही. फक्त ते मत आता माझ्या एकट्याच्या अंगावर बेतून शिवलेलं आहे.

पुढच्या रविवारी मिस्सा सुटली. मी आधी घरी येऊन कॉम्प्युटर लावला, कॅमेरा पुसला, आईसाठी उशी घातलेली खुर्ची मांडली. आई आली, खुर्चीकडे बघितलं आणि छत्री घेऊन निघाली.

“आई, आता घरी दिसतं ना!”

“दिसू दे. मला तिकडे बरं वाटतं.”

“का पण?”

“घरी तू मागे उभा राहून समजावून सांगतोस.”

हे मात्र खोल लागलं. माझं पत्रक गावाला जे सांगायला निघालं होतं, ते आई माझ्या तोंडावर करून दाखवत होती, आणि तिची निवड मला मुळीच आवडली नव्हती. ती फाटकापर्यंत पोचली तरी मी उशीकडे बघत होतो. मग चपला पायात सरकवून तिच्या मागे धावलो.

“मी येऊ?”

आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “ये. पण त्या कोल्ह्याचं नाव काढायचं नाही.”

कॅफेत मला कप्प्याबाहेर स्टूल मिळालं. पडदा तिथून तिरका दिसायचा. मी तोंड मिटून, चौकटीच्या कडेला अर्धाच चेहरा ठेवून बसलो. पुतणीनं आजीला ओळखलं, हात उडवले, मग तिची नजर माझ्या अर्ध्या चेहऱ्यावर येऊन थांबली. मी श्वास रोखला.

“हलू नकोस,” आई पुटपुटली, “बघू दे तिला.”