गुरुवारचे पाय

त्या काही महिन्यांत मी माणसांची तोंडं बघायची सोडून पाय बघायला लागले होते. कंपनीच्या बसमध्ये, कँटीनच्या रांगेत, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा. कोण कुठल्या पायावर भार टाकून उभं राहतं, कोण टाचा आळीपाळीने उचलतं, कोणाच्या चपलेची कुठली कड झिजली आहे, हे सगळं मला दिसायला लागलं. नवरा म्हणाला, "अगं, सारखी मान खाली. लोकांना वाटेल, बाई लाजाळू झाली." आजवर मला लाजाळू कोणी म्हटलेलं नव्हतं, म्हणून मी तेही ऐकून घेतलं.

कारण साधं होतं. माझे पाय दुखत होते आणि कंपनीतली माझी जागा त्या पायांवर अवलंबून होती.

निघोजे गावाच्या अलीकडे एका कंपनीत मी शेवटच्या तपासणीला असते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट माझ्या टेबलावर येतात. त्यांच्या भोकात मी गेज घालून बघते. गेज म्हणजे बोटाएवढा लोखंडी दांडा. त्याचं एक टोक भोकात सहज शिरलं पाहिजे आणि दुसरं अजिबात शिरता कामा नये. दोन्ही जमलं की पिवळ्या मार्करचा एक ठिपका. माझ्या ठिपक्याशिवाय माल ट्रकमध्ये चढत नाही. हे मला आवडतं, खोटं कशाला बोलू. बसून तपासलं की डोळा लागतो असं कंपनीचं मत आहे, त्यामुळे हे काम उभ्याने करायचं. ओव्हरटाइम असला की जास्तच उभं.

आमचा सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. एक दिवस म्हणाला, "ताई, तुम्ही लंगडताय. पॅकिंगला बसा ना. खुर्ची आहे, फॅन आहे. आता मध्येच नको, एवढं कस्टमरचं ऑडिट झालं की चेंज करून टाकू." पॅकिंग म्हणजे जिन्याखाली बसून प्लॅस्टिकच्या टोप्या पिशवीत भरायच्या.

घरी येऊन सांगितलं तर नवरा खूश झाला. सासूबाई मात्र भाकरी थापता थापता थांबल्या. आम्ही मूळचे लातूरकडचे, सासूला आत्या म्हणतो. आत्या म्हणाल्या, "बसू नको."

त्यांचं म्हणणं उगाच नव्हतं. इथे भोसरीतच एका वर्कशॉपमध्ये त्यांनी कित्येक वर्षं ड्रिलिंग मशिन चालवलं, साध्या चपलांवर, दिवसभर उभं राहून. पाय सुजायला लागले तेव्हा मालकाने दया येऊन त्यांना स्टूल दिलं आणि नट निवडायला बसवलं. पुढे कामं कमी झाली. सगळ्यात आधी स्टुलावरची माणसं घरी गेली. तेव्हापासून त्या घरीच आहेत आणि ओट्याशी उंच पाटावर बसून स्वयंपाक करतात. त्या म्हणाल्या, "उभ्या माणसाला काढायचं तर मालक धा डाव इचार करतो. बसलेल्याला नुसतं ऊठ म्हणलं की झालं."

मला ते पटलं. म्हणजे ऑडिटच्या आत लंगडणं थांबायला हवं होतं.

मला कामाला लावणाऱ्या कंत्राटदाराने दिलेले सेफ्टी शूज पुरुषांच्या मापाचे होते. त्यांतले सगळ्यात लहानही मला लांब व्हायचे, म्हणून पुढे चिंधी कोंबायची. मी ऑफिसात जाऊन विचारलं, स्वतःचे आणले तर चालतील का? ते म्हणाले, पुढे लोखंडी टोपी असेल तर आणा. मग गुरुवारी मी आणि नवरा खरेदीला निघालो. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारची. केस कापणं, दवाखाना, मुलगी बघायला जाणं, सगळं गुरुवारी. दुकान भोसरीतलंच होतं. दुकानदार पिकल्या दाढीचे चाचा, फार अदबीने बोलायचे. त्यांनी बोटाने पुढची टोपी दाबून दाखवली, दुकानात चार फेऱ्या मारायला लावल्या. बूट असे बसले की काढावेसे वाटेनात. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी हवेत होते. तिसऱ्या प्रहरी करंगळ्या ओरडायला लागल्या.

पुढच्या गुरुवारी मी बूट घेऊन परत चाचांकडे. त्यांनी ते मला परत घालायला लावले आणि विचारलं, "कुठे लागतंय?" आश्चर्य म्हणजे कुठेच लागत नव्हतं. तरी मी भांडून दुसऱ्या कंपनीचे बूट घेतले, नंबर तोच. तेही बूट दुकानात लोणी आणि कामावर चिमटा. त्याच्या पुढच्या गुरुवारी माझा आवाज जरा चढलाच. चाचा शांतपणे म्हणाले, "ताई, माल तोच आहे, पाय तोच आहे. आता तक्रार कोणाकडे करायची, तुम्हीच सांगा." मला राग आला. पण घरी येताना त्यांचं वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते खरं वाटत होतं आणि तरी कुठेतरी चुकत होतं.

मग मी आणखी बघायला लागले. सकाळच्या बसमध्ये सगळ्या बायकांच्या लेस घट्ट असत. संध्याकाळच्या बसमध्ये सीटवर टेकल्या टेकल्या त्या लेस सोडत. शेजारणीला विचारलं, का गं? ती म्हणाली, "मोकळं वाटतं." सल्ले मात्र सगळ्यांकडे होते. मिठाच्या पाण्यात पाय बुडव. दोन मोजे घाल. स्पंज घाल. एकजण म्हणाली, जोडवी काढ, आत तीच रुततात. मला वाटलं होतं आत्या यावर चिडतील, पण त्या म्हणाल्या, "काढ की. नवरा काय बोटात अडकवून ठेवायचा असतो का?" नवरा समोरच जेवत होता, त्याने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

जोडवी लग्नातली, बंद कड्याची. बुधवारी कामावरून आले आणि ओढायला बसले तर हलेनात. आत्यांनी उजव्या पायाच्या बोटाला खोबरेल चोळून जोर लावला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डावा पाय मी त्यांच्या हातात दिलाच नाही. सकाळी अंघोळीला बसले तर उजवं जोडवं आपोआप फिरत होतं, बोट लावलं आणि निघालं. आत्या बाहेरून म्हणाल्या, "तेल मुरलं रातभर." पण डावंही तसंच निघालं, आणि त्याला तर तेलाचा थेंब लागला नव्हता.

माझ्या कामाची खोड अशी की एक पीस बरोबर आला तर मी दुसराही घालून बघते. मी जोडवी परत घातली. दुसऱ्या दिवशी बस यायच्या आधी फिरवून बघितली, फिरली. जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या खोलीत बूट काढून बघितली, अडखळत फिरली. शिफ्ट सुटल्यावर बघितली, जागची हलेनात. दिवसभर दुसऱ्यांच्या भोकांत गेज घालणारी मी, आणि माझं गेज माझ्याच बोटात होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी त्या खोलीत एकटीच हसले. सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय हे दोन वेगळे पाय होते, आणि दुकानात मी दर वेळी तिसराच नेला होता, सुट्टीचा, झोपून उठलेला. चाचांवर मी उगाच ओरडले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढच्या बुधवारी बसमधून उतरले ती घरी न जाता थेट दुकानात. मला बघून चाचांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "भांडायला नाही आले. बूट बघायचेत."

"ताई, उद्या या ना निवांत. सुट्टी आहे."

"उद्या हे पाय नसतील, चाचा."

मी मोजे काढले. मोज्याच्या विणीचे वळ कातडीवर उठले होते, घोटा दिसत नव्हता. परक्या माणसापुढे असे पाय ठेवायची मला लाज वाटली, पण ठेवले. चाचा वाकून बघायला लागले. मग म्हणाले, "सगळा इलाका माझ्याकडे गुरुवारी येतो आणि शुक्रवारी मला शिव्या देतो. मला वाटायचं, लोकांना शिव्या द्यायची आदतच आहे." त्यांनी एक नंबर मोठे, पुढून रुंद बूट काढले. दुकानात ते जेमतेम बसले. सकाळी जरा ढिले वाटले तेव्हा पातळ मोज्यांऐवजी जाड घातले. शिफ्ट सुटली तेव्हा पाय थकले होते, पण बुटाशी त्यांचं भांडण नव्हतं.

ऑडिटच्या दिवशी बाहेरची माणसं माझ्या टेबलाशी कितीतरी वेळ उभी होती आणि मीही. त्यांच्यातला एकजण पाय बदलत होता, ते मी बघितलंच. ती माणसं गेल्यावर सुपरवायझर म्हणाला, "पॅकिंगचं राहू दे, ताई. ही जागा तुमचीच." घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्या "बरं झालं" एवढंच म्हणाल्या आणि पीठ मळत राहिल्या.

नंतरच्या गुरुवारी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर खोल्यांच्या पुढच्या व्हरांड्यात आत्या उभ्या होत्या. पायात माझे बूट, लेस सुटलेल्या, साडीच्या निऱ्या जरा वर खोचलेल्या. कठड्याला धरलं नव्हतं. हात पोटापाशी पुढे घेतले होते, ड्रिलचं हँडल धरावं तसे. मला बघून त्यांनी ते खाली सोडले.

"केव्हाच्या उभ्या आहात?"

"लई वेळ झाला. दुखंना." त्यांनी आधी एक पाय दाबून बघितला, मग दुसरा. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या कंपनीत माझ्या वयाची बाई घेतेत का गं?"

विचारून बघते म्हणावं असं ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईने मला खुर्चीवर बसू दिलं नाही, तिच्याशी खोटं बोलवेना.

"घेत नाहीत, आत्या."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग हितंच उभी ऱ्हाते जरा."