आमच्या ऑफिसातलं स्पेन

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक खण आहे. जेवणाच्या पार्सलबरोबर चिली सॉसच्या पुड्या येतात, त्या त्यात जातात. त्या कोणी वापरत नाही आणि कोणी टाकतही नाही. आता तो खण बंद होत नाही. आमच्या सरांचे किस्सेही माझ्याकडे असेच साठलेत. थोडे बाहेर काढते, म्हणजे दार तरी लागेल.

मी बारावी पास. यजमान इथे परदेशात, सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये, आणि मी नऊ वर्षं एका छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात. फायली, चहा, कुरियर, सगळं माझ्याकडे. ऑफिस पुण्याच्या बर्वे सरांचं. सर तरुणपणी सहा महिने स्पेनमध्ये, बार्सिलोनाला राहिले. शरीराने परत आले, एवढंच.

दुसरे आमचे लिम अंकल. ड्रॉइंग काढतात, वय सदुसष्ट. बायको गेल्यापासून त्यांना घरी करमत नाही, रविवारीसुद्धा ऑफिसातल्या कुंडीला पाणी घालायला येतात. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नवं करावं लागतं. यंदा त्याचं पत्र सरांच्या सहीवाचून पडलं होतं. मी रोज सकाळी ते सरांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवायचे, संध्याकाळी ते सगळ्यात खाली गेलेलं असायचं.

"माणूस चांगला आहे हो, सुनंदाताई," सर मला म्हणाले, "पण त्याच्या हातात फक्त सरळ रेषा आहे."

*

नवीन माणूस आला की सर पहिल्या दिवशी त्याला फोटो दाखवतात. ते शंभर वर्षांहून जास्त काळ बांधत आलेलं चर्च, ती समुद्राच्या लाटेसारखी दगडी इमारत. फोटो संपले की ठरलेला प्रश्न येतो, "निसर्गात सरळ रेषा कुठे आहे? एक दाखवा."

मुंबईहून आलेली स्नेहा बिचारी उत्तरासाठी खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर पाऊस कोसळत होता.

लिम अंकलनी मान वर न करता सांगितलं, "रेन, बॉस."

*

त्या लाटेच्या इमारतीवरून सरांनी एका कॉन्डोत, म्हणजे इथल्या बड्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, हॉलची भिंत लाटेसारखी केली. सगळ्यांनी फोटो काढले. वर्षभराने घरमालकांचा मेल आला, "सर, आमचं कपाट भिंतीला कुठेच टेकत नाही. मागे जी जागा राहिली तिथे आम्ही झाडू, मॉप आणि एक सुटकेस ठेवतो."

मी घाबरत घाबरत प्रिंट काढून दिली. सरांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि पुढच्या ब्रोशरमध्ये त्या भिंतीखाली छापलं: 'हिडन स्टोरेज'.

*

बार्सिलोनाच्या एका बागेत फुटक्या टाइल्सचं नागमोडी बाक आहे. तसंच इथल्या एका कॉन्डोच्या बागेत करायचं ठरलं. सर म्हणाले, "तुमच्या मैत्रिणींकडून फुटके कप आणा."

आता फुटका कप घरात ठेवतं कोण? साधा तडा गेला तरी आपण तो बाहेर काढतो. मी ग्रुपवर विचारलं. शनिवारी लिटिल इंडियात, इथल्या भारतीय बाजारात, भाजी घ्यायला भेटलो, तर मैत्रिणींनी माझ्या हातात अख्खे टी-सेट ठेवले. लग्नातले, मुंजीतले, वास्तुशांतीतले, खोक्यातून कधी बाहेरही न काढलेले.

"फोडा एकदाचे," जोशीबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी देवळातही पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाला त्या सगळ्यांना बोलावलं होतं. बाक उन्हाने इतकं तापलेलं की कोणाला बसता येईना. सर म्हणाले, "ते बसायला नाहीये, बघायला आहे." म्हणून सगळ्या बघत राहिल्या. बघता बघता साठेबाईंनी एका निळ्या फुलावर बोट ठेवलं.

"जोशीबाई, हा मी दिलेला सेट ना?"

दोघी वेगवेगळ्या बसने परत गेल्या.

*

स्पेनमधल्याच बिल्बाओ नावाच्या शहरात चकाकत्या पत्र्याचं एक म्युझियम आहे. एका क्लायंटबाईंना सरांनी तसंच क्लबहाउस कबूल केलं. त्या यायला दोन तास राहिले आणि मॉडेल तयार नाही. ऑफिसच्या दिवाळीच्या जेवणासाठी आणलेली माझी स्टीलची भांडी पॅन्ट्रीत होती. सरांनी वाट्या, पातेली, परात, सगळं पालथं घालून एकावर एक रचलं आणि वरून दिवा सोडला. खरं सांगते, छान दिसत होतं.

बाई वाकून बघायला लागल्या. परातीच्या कडेला अक्षरं होती. "ही कुठली लिपी? काय लिहिलंय?"

परातीवर कोरलं होतं, 'चि. सौ. कां. सुनंदास, कमलआत्याकडून सप्रेम भेट.'

सरांनी चष्मा लावला, वाचलं, आणि शांतपणे म्हणाले, "ज्या बाईंमुळे हा कन्सेप्ट सुचला, त्यांचं नाव आहे."

बाई म्हणाल्या, खऱ्या इमारतीवरही ठेवा.

आमच्या कमलआत्या नाशिकला असतात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

*

मग ते छपराचं झालं. स्पेनमध्ये पांढऱ्या बरगड्यांसारख्या इमारती आहेत म्हणे. सरांनी एका कॉन्डोच्या गेटपाशी, टॅक्सीची वाट बघणाऱ्यांसाठी, माशाच्या काट्यासारखं छप्पर काढलं. लिम अंकलनी त्याला कडेने पन्हळ काढली. सरांनी खोडली. अंकलनी परत काढली. असं तीनदा झालं.

"स्पेनमध्ये पन्हळ दिसत नाही, लिम."

"स्पेन एव्हरीडे रेन, बॉस?"

छप्पर पन्हळीशिवाय उभं राहिलं. पहिल्या मोठ्या पावसात आम्ही तिघं बघायला गेलो. छपराखाली आठ माणसं उभी होती, आठही छत्र्या उघडून. एक आजोबा सरांना विचारायला आले, हे काय आहे. सर म्हणाले, "वॉटर फीचर."

लिम अंकलनी स्वतःची छत्री सरांच्या डोक्यावर धरली.

तेच सरांना लागलं. ऑफिसात आल्या आल्या मला म्हणाले, "सुनंदाताई, ते पत्र आता वर ठेवू नका. शुक्रवारी लिमचा शेवटचा दिवस." मी पत्र माझ्या खणात ठेवलं. अंकलनी कुंडी घरी न्यायला पिशवी आणली.

*

गुरुवारी दुपारी बर्वेवहिनी आल्या. त्यांनी नुकताच मरीन परेडला फ्लॅट घेतलाय. सरांनी काढलेला त्याचा नकाशा त्यांच्या हातात होता. ओटा लाटेसारखा, देवघर गोल, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध एक तिरका खांब. वहिनी सरांच्या केबिनवरून पुढे गेल्या आणि थेट लिम अंकलच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला.

"अंकल, प्लीज. एव्हरीथिंग स्ट्रेट."

सर धावत बाहेर आले. "अगं, तो खांब म्हणजे झाड आहे. आणि हा ओटा, बार्सिलोनाला जाऊन बघ एकदा..."

"अहो, तिथे लोक तिकीट काढून बघायला जातात," वहिनी म्हणाल्या. "मला इथे रोज पोळ्या लाटायच्यात."

लिम अंकलनी नकाशाची नीट घडी घालून ती वहिनींपुढे सरकवली. "कॅनॉट, मॅडम. टुमॉरो लास्ट डे."

वहिनींनी सरांकडे बघितलं. "म्हणजे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या खणातून पत्र काढलं आणि सवयीने नकाशाच्या वर ठेवलं. सरांनी खिसे चाचपले. पेन लिम अंकलनीच पुढे केलं.

सही झाली. अंकलनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पत्र बाजूला सरकवलं, नकाशा पुन्हा उलगडला, त्यावर पट्टी ठेवली आणि वहिनींना विचारलं,

"मॅडम, फ्रिज डोअर ओपन लेफ्ट ऑर राइट?"